केर्न्स ते ब्रूम: उत्तर ऑस्ट्रेलियातल्या सव्हाना वेची सहल कशी आखावी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडून पूर्व-पश्चिम जाणारा एक लांबलचक मार्ग आहे. पॅसिफिकच्या बाजूचं केर्न्स आणि हिंदी महासागराच्या काठावरचं ब्रूम ही त्याची दोन टोकं. त्याला सव्हाना वे म्हणतात. लांबी साधारण 3,700 किलोमीटर. क्वीन्सलँडमध्ये सुरू होतो, नॉर्दर्न टेरिटरी आडवी ओलांडतो आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात संपतो. हा एकच सलग रस्ता नाही. काही ठिकाणी दुपदरी डांबरी हायवे, काही ठिकाणी एकाच गाडीपुरती डांबराची पट्टी, आणि काही ठिकाणी शेकडो किलोमीटर लाल माती, खडी आणि पूल नसलेल्या नद्या.

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनला राहणारी बरीच मराठी मंडळी आता हा प्रवास करायचं ठरवतात. कधी मित्रांबरोबर, कधी पुण्या-नाशिकहून आलेल्या आईवडिलांना घेऊन. आखणी करताना बहुतेक जण प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात, अंतराला दिवसांनी भागतात आणि बुकिंग करून मोकळे होतात. युरोपात हे चालतं, इथे चालत नाही. या मुलुखात कुठला रस्ता कधी सुरू आणि कधी बंद हे पाणी ठरवतं. चार महिने सगळं पाण्याखाली आणि उरलेले महिने पिण्यापुरतं पाणीही सोबत न्यावं लागतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की प्रत्येक कच्च्या टप्प्याला पर्यायी डांबरी वाट आधीच ठरवून ठेवा, आणि ती वाट घेता येईल इतके दिवस हातात राखा. बाकीची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी महिना ठरवा

या भागात दोनच ऋतू मोजतात. नोव्हेंबर ते एप्रिल ओला आणि मे ते ऑक्टोबर कोरडा. ओल्या ऋतूत चक्रीवादळं येतात आणि सपाट प्रदेशात नद्या मैलोनमैल पसरतात. 2023च्या जानेवारीत फिट्झरॉय नदीच्या पुरानं फिट्झरॉय क्रॉसिंगचा हायवेवरचा पूल मोडला. नवा पूल त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्कटाउन आणि 2024च्या मार्चमध्ये बोरोलूला ही गावं पुरामुळे रिकामी करावी लागली. ही तिन्ही गावं आपल्या मार्गावरची आहेत.

माझी पसंती जूनचा पहिला आठवडा ते ऑगस्टअखेर. दिवसा तिशीच्या आसपास तापमान, आकाश निरभ्र, रात्री आतल्या भागात स्वेटर लागेल इतका गारवा. मे महिन्यात धबधबे भरलेले असतात, पण कच्चे रस्ते उघडतील याचा भरवसा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बर्कटाउनच्या आकाशात पहाटे मॉर्निंग ग्लोरी नावाचा लांबच लांब नळकांड्यासारखा ढग येतो. तो पाहायला ग्लायडरवाले मुद्दाम तिथे जातात. त्यासाठी जायचं असेल तर उकाडा सोसायची तयारी ठेवा. ऑक्टोबरमध्ये किंबर्लीत, म्हणजे मार्गाच्या पश्चिमेकडच्या प्रदेशात, चाळिशीचं ऊन असतं आणि बरेच धबधबे आटलेले असतात.

जूनअखेर ते जुलैमध्यापर्यंत ऑस्ट्रेलियातल्या शाळांना सुट्टी असते. तेव्हा कुनुनारा आणि ब्रूममध्ये आयत्या वेळी जागा मिळत नाही. महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी धरून भारतातून येणार असाल, तर कुनुनारा ते डर्बी हा खडीचा गिब रिव्हर रोड गृहीत धरू नका.

दिशेबद्दल सांगायचं तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं सोयीचं. सकाळी गाडी चालवताना सूर्य पाठीशी राहतो आणि कोरड्या ऋतूतला आग्नेयेचा वाराही बहुधा मागून येतो. शिवाय सर्वांत खडबडीत टप्पा, म्हणजे गिब, शेवटी येतो. तोवर नद्या आणखी उतरलेल्या असतात आणि तुमचा हातही बसलेला असतो.

तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर दोन वाटा

नकाशा समोर ठेवा आणि नॉर्मन्टन, बोरोलूला व कुनुनारा या तीन गावांना गोल करा. खरे निर्णय इथेच होतात.

केर्न्स ते नॉर्मन्टन हा साधारण 700 किलोमीटरचा टप्पा डांबरी आहे. अथर्टन पठार चढून गेलं की हिरवं जंगल मागे पडतं आणि विरळ निलगिरी, पिवळं गवत, माणसाच्या उंचीची वारुळं असा सव्हाना सुरू होतो. वाटेत अंडारा लागतं. साधारण 1,90,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकातला लाव्हा वाहत गेला आणि मागे पोकळ बोगदे राहिले. ते फक्त गाइडबरोबरच पाहता येतात, म्हणून आधी बुकिंग करा. पुढे क्रॉयडन, आणि क्रॉयडन ते नॉर्मन्टन 1891 पासून धावणारी गल्फलँडर ही छोटी रेल्वे. रूळ मुळात क्लोनकरीकडे जाणार होते. क्रॉयडनला सोनं सापडलं आणि मार्ग तिकडे वळला. पुढच्या कुठल्याच रेल्वेमार्गाला ते कधी जोडले गेले नाहीत. गाडी आठवड्यातून एकदाच सुटते, ती साधायची असेल तर वार बघून निघा.

नॉर्मन्टन हा पहिला फाटा. कच्ची वाट बर्कटाउन, डूमजी, हेल्स गेट रोडहाउस (रस्त्याकडेचा पंप आणि खानावळ) आणि सरहद्द ओलांडून बोरोलूलाला जाते. सरहद्दीनंतर कॅल्व्हर्ट, रॉबिन्सन, फोल्शे, वेअरियन अशा नद्या पाण्यातून ओलांडाव्या लागतात. डांबरी वाट दक्षिणेला क्लोनकरी, माउंट आयझा, तिथून बार्कली हायवेनं थ्रीवेज आणि मग स्टुअर्ट हायवेनं उत्तरेला कॅथरीन अशी मोठा वळसा घेते. वळसा लांबचा, पण कुठल्याही गाडीनं करता येतो. बर्कटाउनला जाऊन पुढची वाट बंद निघाली, तरी ग्रेगरीमार्गे क्लोनकरीला डांबरावरून परतता येतं. त्यामुळे बर्कटाउनपर्यंत जाऊन निर्णय घ्यायला हरकत नाही.

बोरोलूला हा दुसरा फाटा. इथून लिमेन नॅशनल पार्कमधून रोपर बारला जाणारा कच्चा रस्ता या प्रवासातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. वालुकाश्माचे उंच सुळके गर्दी करून उभे आहेत. त्यांना लॉस्ट सिटी म्हणतात. दिवसभरात मोजून दोन-चार गाड्या भेटतात. पण साडेतीनशेहून जास्त किलोमीटरमध्ये मदतीचा भरवसा नाही. दुसरी वाट कार्पेंटेरिया हायवेची. ती डांबरी आहे, बरीचशी एका गाडीच्या रुंदीची, आणि डेली वॉटर्सजवळ स्टुअर्ट हायवेला लागते. टायर फाटला असेल, एकच स्टेपनी उरली असेल किंवा कोणाची तब्येत बरी नसेल तर दुसऱ्या वाटेनं जा. मॅटरांकाला दोन्ही वाटा येतात. तिथल्या कोमट झऱ्यात अंग शेकून निघतं.

तिसरा फाटा कुनुनारा. त्याआधी कॅथरीन ते कुनुनारा 512 किलोमीटर चांगला हायवे आहे. समोर गिब रिव्हर रोड, डर्बीपर्यंत साधारण 660 किलोमीटर. हा रस्ता मुळात गुरं बंदरापर्यंत नेण्यासाठी झाला. दोन्ही टोकांचे काही भाग आता डांबरी आहेत, मधला खडीचा. दुसरी वाट ग्रेट नॉर्दर्न हायवेची, हॉल्स क्रीक आणि फिट्झरॉय क्रॉसिंगमार्गे ब्रूमपर्यंत साधारण 1,040 किलोमीटर, पूर्ण डांबरी. आईवडील सत्तरीच्या पुढचे असतील, कंबरेचा किंवा मानेचा त्रास असेल, तर त्यांना गिबवरून नेऊ नका. हायवेनं गेलात तरी बंगल बंगलचे पट्टेदार घुमट हेलिकॉप्टरमधून किंवा टूरवाल्यांच्या गाडीतून बघता येतात. स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह असेल तर हायवेपासून आत 53 किलोमीटर जावं लागतं. अंतर कमी दिसतं, पण दोन तास तरी धरा.

तिन्ही कच्चे टप्पे करायचे असतील तर चार आठवडे काढा. एक कच्चा टप्पा करायचा असेल तर तीन आठवड्यांत निवांत होतं. दर आठवड्याला एक दिवस पूर्ण मोकळा सोडा, त्या दिवशीचं कुठलंही बुकिंग नको.

गाडी आणि भाड्याचा करार

तिन्ही फाट्यांवर डांबरी वाट घेणार असाल तर साधी गाडी पुरते. कच्च्या टप्प्यांना उंच बसकणीची, लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) असलेली खरी फोर व्हील ड्राइव्ह लागते. शहरातली एसयूव्ही दिसायला दणकट असली तरी बहुतेकींमध्ये लो रेंज नसतं आणि टायर पातळ असतात.

भाड्याची गाडी घेताना करार शब्दन्‌शब्द वाचा. साध्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर जायला सहसा मनाईच असते. फोर व्हील ड्राइव्ह भाड्यानं देणारेसुद्धा काही रस्त्यांना नावानिशी मनाई करतात किंवा त्यांची परवानगी वेगळी घ्यायला लावतात. तुमच्या मार्गावरचे रस्ते नाव घेऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. नदीतल्या पाण्यानं झालेलं नुकसान, गाडी उलटणं, तळाला मार लागणं, टायर आणि काच यातलं किती विम्यात आहे, सूर्यास्तानंतर चालवलं तर विमा चालतो का, बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च कोणाचा, आणि केर्न्सला घेऊन ब्रूमला सोडायचे जादा पैसे किती, हेही त्यात यायला हवं. ओढून आणण्याचा खर्च या भागात गाडीच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकतो.

महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत असल्यामुळे पाहुण्यांना सहसा अडचण येत नाही. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. भाड्यानं देणारे मागतात. गाडी इथेही डाव्या बाजूनेच चालते, त्यामुळे हात लगेच रुळतो.

टायरची हवा

या प्रवासात सर्वांत जास्त त्रास टायर देतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: हायवेची हवा आणि हायवेचा वेग घेऊन लोक खडीवर उतरतात. गच्च भरलेला टायर टोकदार दगडावर आपटतो आणि चिरतो. हवा थोडी कमी असली की तो दगडाभोवती दबतो.

डांबर संपतं तिथे बाजूला थांबा. गेज लावून हवा उतरवा. गाडीचं वजन आणि टायरच्या प्रकारानुसार 26 ते 30 पीएसआय हा सुरुवातीचा आकडा ठीक आहे. हायवेवर तुम्ही 36 ते 40 ठेवलेली असते. हवा कमी केली की वेगही कमी करा, 80 च्या वर जायचं नाही, कारण सैल टायर वेगात तापतो. अर्ध्या तासानं उतरून टायरला हात लावून बघा. हात टिकत नसेल इतका गरम असेल तर वेग आणखी कमी करा. डांबर परत लागलं की कॉम्प्रेसरनं हवा पूर्ववत भरा. ही पंधरा मिनिटांची कामं रोज करायची आहेत. कंटाळा आला तरी टाळू नका.

जड वापराचे, लाइट ट्रक प्रकारचे टायर घ्या. कच्च्या टप्प्यांसाठी दोन स्टेपनी हव्यात. सोबत पंक्चरचं किट, चांगला कॉम्प्रेसर, आणि मऊ मातीत जॅक रुतू नये म्हणून खाली ठेवायला जाड फळी. घरीच एकदा चाक बदलून बघा, म्हणजे पाना नटाला बसतो की नाही ते कळेल.

कॉरुगेशन म्हणजे रस्त्यावर आडव्या उमटलेल्या लाटा. त्यांच्यावर तासन्‌तास गाडी थरथरत राहते आणि नट-बोल्ट ढिले होतात. रोज संध्याकाळी चाकांचे नट, छतावरचा कॅरिअर आणि बॅटरीची पट्टी तपासा. गाडीच्या तळाशी अडकलेलं वाळकं गवत काढून टाका. सायलेन्सरच्या उष्णतेनं ते पेट घेतं, आणि अशा आगीत या भागात गाड्या जळलेल्या आहेत.

इंधन आणि पाणी यांचा हिशोब

लांब टप्प्यांचा हिशोब कागदावर करा. उदाहरणार्थ बोरोलूला ते रोपर बार साधारण 380 किलोमीटर धरू. सामान भरलेली डिझेल गाडी खडीवर शंभराला 15 लिटर खाते असं धरलं तर 57 लिटर होतात. त्यात अर्धं आणखी मिळवा, कारण पुढची नदी बंद निघाली तर परत फिरायचं आहे. म्हणजे 85 लिटर. टाकीत एवढं मावत नसेल तर जास्तीचे कॅन लागतील, आणि ते गाडीच्या आत ठेवायचे नाहीत. हेल्स गेट ते बोरोलूला हाही तीनशेच्या वरचा टप्पा आहे. गिबवर माउंट बार्नेट आणि इमिन्जी इथे इंधन मिळतं. आदल्या दिवशी फोन करून विचारा. रोडहाउस लवकर बंद होतात, कधी साठा संपलेला असतो.

पेट्रोलची गाडी असेल तर अनेक वस्त्यांवर साध्या अनलेडेडऐवजी ओपल नावाचं कमी उग्र पेट्रोल मिळेल. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन थांबावं म्हणून 2005 पासून ते आणलं गेलं. गाडीला त्यानं काही होत नाही.

पाणी माणशी रोज किमान 7 लिटर धरा, प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून. चौघांना तीन दिवसांचं राखीव म्हणजे 84 लिटर झाले. एकाच मोठ्या टाकीत ठेवू नका. टाकी फुटली तर सगळंच जातं. दोन-तीन कॅनमध्ये वाटून ठेवा.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. हे मुलांनाही सांगून ठेवा. रस्त्याकडेला सावली करा, पाणी पीत राहा, गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

संपर्क

गावांबाहेर मोबाइलचा सिग्नल नसतो. जो असतो तो बहुतेक टेल्स्ट्राचा, म्हणून त्यांचंच सिम घ्या. टेल्स्ट्राचं 3जी ऑक्टोबर 2024 च्या अखेरीपासून बंद होत गेलं, आणि 4जीवरून आपत्कालीन 000 ला फोन लावू न शकणारे हँडसेट नेटवर्कवर चालत नाहीत. भारतातून आणलेल्या काही फोनना हा त्रास होतो. आईवडिलांचा फोन निघण्यापूर्वीच शहरात तपासून घ्या.

सॅटेलाइट फोन भाड्यानं मिळतो, तो घ्या. त्याशिवाय पीएलबी, म्हणजे मुठीत मावणारा धोक्याचा बीकन, घ्याच. बटण दाबलं की उपग्रहामार्फत ठिकाणासकट संदेश ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे जातो. नोंदणी फुकट आहे आणि ती केलेली असेल तर तुमच्या घरच्यांशी लगेच संपर्क होतो. जीव धोक्यात असेल तेव्हाच दाबायचं. गाडीत यूएचएफ रेडिओ असावा, चॅनल 40 वर ट्रकवाले बोलतात.

रस्त्यांची स्थिती रोज सकाळी बघा: क्वीन्सलँडसाठी 13 19 40, नॉर्दर्न टेरिटरीसाठी 1800 246 199, वेस्टर्न ऑस्ट्रेलियासाठी 138 138. बंदची पाटी असलेल्या रस्त्यावर गेलात तर मोठा दंड होतो, विमा हातचा जातो, आणि ओल्या मातीत तुमच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या पुढे सगळ्या गावाला भोगाव्या लागतात.

शहरातल्या एका भरवशाच्या माणसाकडे रोजचा मार्ग आणि मुक्काम लिहून द्या. ठरलेल्या वेळेनंतर चोवीस तासांत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं तेही त्यावर असू द्या.

ही जमीन कोणाची

या वाटेवरचा फार मोठा भाग आदिवासी समाजांच्या मालकीचा किंवा त्यांच्या देखरेखीखालचा आहे. बर्कटाउनच्या आसपास गंगालिडा, बोरोलूलाला यान्युवा आणि गारवा, कॅथरीनच्या नित्मिलुकला जावॉयन, कुनुनाराला मिरिवूंग, विंजनाच्या घळीत बुनुबा, ब्रूमला यावुरू. मुख्य रस्ता सोडून आत जायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. ती नेटवरून मिळते, पण काही परवानग्यांना दिवस लागतात. नॉर्दर्न टेरिटरीत 2023 पासून बाहेरून येणाऱ्यांना पार्क पास लागतो, शिवाय मुक्कामाचं बुकिंग वेगळं. काही वस्त्यांमध्ये दारू न्यायला बंदी आहे. वेशीवरची पाटी वाचा. न विचारता माणसांचे फोटो काढू नका.

गिबच्या पश्चिम टोकाला विंजना घळ आणि टनेल क्रीक आहे. जंदामारा या बुनुबा योद्ध्यानं इंग्रजांच्या पोलिसांशी तीन वर्षं लढा दिला आणि 1897 च्या एप्रिलमध्ये टनेल क्रीकजवळ तो मारला गेला. बुनुबा गाइडबरोबर तिथे गेलात तर ही हकिगत त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते. त्यासाठी अर्धा दिवस जरूर ठेवा.

शिधा, सरहद्द आणि घड्याळ

रोडहाउसवर बर्गर, चिप्स आणि पाय मिळतात. शाकाहारी माणसाचे हाल होतात. केर्न्सला मूगडाळ, तांदूळ, पोहे, रवा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी भरून घ्या. तीन लिटरचा कुकर न्या. खिचडी दहा मिनिटांत होते, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. पुढचा मोठा बाजार कॅथरीनला, मग कुनुनाराला.

कुनुनाराच्या अलीकडे सरहद्दीवर तपासणी नाका आहे. ताजी फळं, भाज्या, मध, बिया, रोपं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नेता येत नाहीत. घरचा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, उरलेले कांदे-बटाटे सगळं तिथे टाकावं लागतं. आदल्या रात्री टिंबर क्रीकला मुक्काम करा आणि असेल नसेल त्या भाजीची मोठी मिसळभाजी करून संपवा. बाकीचा शिधा अधिकाऱ्यांना स्वतःहून दाखवा.

याच सरहद्दीवर घड्याळ दीड तास मागे जातं. क्वीन्सलँड ते टेरिटरी आणखी अर्धा तास. कुनुनाराला कोरड्या ऋतूत साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि पाचनंतर सूर्य कलतो, म्हणून दिवस पहाटे सुरू करा.

औषधं संपूर्ण प्रवासाची, वर दहा दिवसांची जादा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, लागू नाही. विमानानं हलवण्याचा खर्च धरलेला प्रवास विमा त्यांना हवाच. साप चावल्यावर बांधायच्या रुंद दाबपट्ट्या दोन-तीन ठेवा आणि त्या कशा बांधायच्या ते शिकून घ्या.

रस्त्यावर

दिवसाला डांबरावर 400, खडीवर 200 ते 250 किलोमीटरच्या वर जाऊ नका. सूर्य मावळायच्या तासभर आधी तंबू लागलेला हवा. संध्याकाळी वॉलबी (छोटे कांगारू) आणि गुरं रस्त्यावर येतात. कुंपणं नसतात.

ही गुरं नीट बघा. वशिंड, लोंबती पोळी, लांब कान. ब्राह्मन जात ही. अमेरिकेत ती गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्याकडच्या कृष्णाकाठच्या गुरांपासून तयार झाली आणि 1933 मध्ये तिथून क्वीन्सलँडला आली. ऊन आणि गोचीड सोसणारी म्हणून उत्तरेत सगळीकडे पसरली. सांगलीकडच्या माणसाला तिथे गाडी थांबवावीशी वाटली तर मला नवल वाटणार नाही.

रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असते आणि तिला पटकन थांबता येत नाही. एकेरी डांबरावर ती समोरून आली की तुम्ही पूर्णपणे बाजूच्या मातीत उतरा आणि थांबा. दोन चाकं डांबरावर ठेवून जाऊ नका, तिच्या चाकांखालचे दगड काचेवर येतात. कच्च्या रस्त्यावर धुरळा खाली बसेपर्यंत पुढे निघू नका. ओव्हरटेक करायचं तर आधी रेडिओवर विचारा आणि समोर किलोमीटरभर मोकळं दिसल्याशिवाय जाऊ नका.

नदी ओलांडायचा प्रसंग सर्वांत जास्त गिबवरच्या पेंटेकोस्टला लक्षात राहतो. पाठीमागे कॉकबर्न डोंगररांगेचे लाल कडे, समोर रुंद पात्र, तळाला गोटे. इतर नद्यांवर आधी पाण्यात चालत जाऊन खोली बघा असं सांगतात, ते इथे करायचं नाही. भरतीचं पाणी या नदीत येतं आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. काठावर थांबा. खोलीची पट्टी बघा. शक्य असेल तर दुसरी गाडी जाऊ द्या आणि पाणी तिच्या चाकाला कुठवर लागतं ते बघा. दहा मिनिटं गाडी निवू द्या. मग लो रेंज, दुसरा गिअर, पाण्यात शिरायचं ते चालत्या माणसाच्या वेगानं. पुढे छोटी लाट तयार होईल, तिच्या मागे मागे एकसारखं जात राहा. मध्येच गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पलीकडे गेलात की दोन-चारदा ब्रेक हलका दाबा, म्हणजे ते सुकतात. शंका असली तर उद्यापर्यंत थांबा, किंवा परत कुनुनाराला जाऊन हायवे धरा.

मगरींबद्दल नियम सरळ आहेत. उत्तरेतल्या कुठल्याही नदीत, खाडीत, डोहात त्या असू शकतात, समुद्रापासून लांब आतसुद्धा. पाटी असेल तिथेच आणि पार्कवाल्यांनी सुरक्षित म्हटलं असेल तरच पोहा. तंबू पाण्यापासून किमान 50 मीटर आत. मासे काठावर साफ करू नका. पाणी भरायला, भांडी घासायला रोज त्याच जागी त्याच वेळी जाऊ नका. मगर पाहत असते आणि शिकते. विंजनाच्या घळीत वाळूत पसरलेल्या दिसतात त्या गोड्या पाण्यातल्या लहान मगरी. त्यांच्यापासूनही अंतर राखा.

किंबर्लीत शिरलात की फुगीर बुंध्याची बोआबची झाडं दिसू लागतात. आपल्या वसई-मुंबईकडच्या गोरखचिंचेचीच ही बहीण. टिंबर क्रीकजवळच्या एका बोआबवर ऑगस्टस ग्रेगरी या शोधप्रवाशाच्या मोहिमेनं 1856 मध्ये कोरलेली तारीख अजून वाचता येते. तो वृक्ष तिथल्या आदिवासींसाठी पवित्र आहे, खोडाला हात लावू नका.

डर्बीला पोचलात की टायरमध्ये हवा भरा. ब्रूम इथून 220 किलोमीटर, पूर्ण डांबरी. ब्रूमला भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरपर्यंत जातो, त्यामुळे किनाऱ्यावर गाडी नेण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा, आणि भाड्याची गाडी असेल तर नेऊच नका. गाडी परत करण्याआधी तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन घ्या. मातीचे थर दिसले तर सफाईचे पैसे वेगळे लावतात. ज्या माणसाकडे तुमचा मार्ग लिहून दिलेला आहे, त्याला पोचल्याचा फोन त्याच संध्याकाळी करा.